मोंबासाहून घर सोडवायला

आपलं सांगलीचं घर गहाण पडलेलं आहे, हे मला लग्नाला आठ वर्षं झाल्यावर आणि समुद्रापलीकडे राहत असताना कळलं.

मोंबासात आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचे. लढाई संपून काही महिने झाले होते आणि इतकी वर्षं कुठंकुठं अडकलेलं टपाल आता गठ्ठ्यानं येऊ लागलं होतं. एका दुपारी पोस्टमननं सही घेऊन एक जाड, लांबट पाकीट हातात दिलं. नाव यांचं होतं, पण शिक्का सांगलीचा. सहा वर्षांत सांगलीचा शिक्का पाहिला नव्हता, त्यामुळे हे येईपर्यंत मला धीर निघाला नाही.

आत वकिलाची नोटीस. राहणार आष्टे येथील एका पेन्शनर सुभेदारांकडे आपण आपलं सांगलीचं घर दीड हजार रुपयांस गहाण ठेविलं आहे, चार वर्षांचं व्याज थकलं आहे, सबब चार महिन्यांचे आत मुद्दल व व्याज चुकतं न केल्यास कोर्टामार्फत घराचा लिलाव करवून घेऊ. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पत्ता चुकला. दुसऱ्यांदा घराच्या चारी बाजू वाचल्या. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस विहीर, दक्षिणेस गुळाच्या व्यापाऱ्याचं आवार. तेव्हा कळलं की पत्ता चुकलेला नाही.

पाच वाजता हे आले. मी चहा दिला आणि बशीखाली नोटीस ठेवली. यांनी कागद ओळखला, पण आधी चहा संपवला. सगळा.

"तिकिटाचे पैसे कुठून आणले असते मी?" शेवटी म्हणाले.

"मला वाटलं, साठवलेले होते."

"साठवलेले घर बांधण्यात गेले. बोटीचं तिकीट, सरकारात भरायची अनामत, दोन सूट, तुझं मागाहून येणं. हे सगळं काय नकाशे विकून केलं मी?"

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी विचारलं, निदान दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं होतं का? तर म्हणाले, साताऱ्याच्या मामांना. पत्रानं, अगदी सविस्तर. सुरुवातीला हे व्याज थेट आष्ट्याला पाठवायचे. मग दोन मनीऑर्डरी परत आल्या, मालक गावी नाही म्हणून. सुभेदारांना लढाईसाठी पुन्हा फौजेत बोलावून घेतलं होतं, नव्या पोरांना कवायत शिकवायला. तेव्हापासून चार वर्षं हे व्याज आणि थोडं थोडं मुद्दल म्हणून दर तिमाहीला मामांना शंभर रुपये पाठवत होते. मामांनी सुभेदारांना गाठून ते द्यायचे, असं ठरवलेलं.

"मग व्याज थकलं कसं?" मी विचारलं.

यांनी मनीऑर्डरींच्या पावत्या काढून पुढं ठेवल्या. मामा म्हणजे यांचे सख्खे मामा, साताऱ्यातले पेन्शनर मास्तर. वाण्यानं चुकून एक पैसा जास्त परत दिला तर दुपारच्या उन्हात तो परत द्यायला जाणारा माणूस. त्यांनी पैसे खाल्ले असं तोंडानं म्हणवत नव्हतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं. दोन दिवस आमच्या घरात मामांचं नाव निघालं नाही.

यांना आठ महिने रजा मिळणार नव्हती. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मी जाते."

"तू? कोर्टकचेरीत?"

"घर गहाण टाकताना मी नव्हते. सोडवताना असू दे."

यांनी नोटीस घडी करून खिशात घातली. मग मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत जाऊन माझ्या नावाचं मुखत्यारपत्र करून आणलं. त्यावर रुपयाएवढा लाल लाखेचा शिक्का होता. ते पत्र मी पातळाच्या घडीत ठेवलं, पाच वर्षांच्या मुलीचा हात धरला आणि बोटीत चढले.

अकरा दिवस डेकवर. मुलगी मोंबासातच जन्मलेली, तिला देश म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ती दर सकाळी विचारायची, "आपलं घर आलं?" आणि मी मनात म्हणायची, आपलं आहे की नाही तेच तर बघायला चाललोय.

मुंबईहून गाडीनं सातारा रोड, तिथून पुढं टांगा. मामा शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी मुलीच्या हातावर कंदी पेढा ठेवला, आणि मला बोटीवर पाठ करून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना. 'मामा, पैशांचं काय झालं?' हे कुठल्या तोंडानं विचारायचं?

विचारायची वेळच आली नाही. मामांनी स्वतःच फडताळातून दोऱ्यानं बांधलेलं दप्तर काढलं.

"सूनबाई, तू आलीस ते फार बरं झालं. चार वर्षं मला एक शंका छळते आहे." त्यांनी यांचं एक पत्र माझ्यासमोर धरलं. "या भोकात काय होतं?"

पत्राला खरंच भोक होतं. पानाच्या मधोमध, पात्यानं सरळ कापलेलं, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं. भोकाच्या वरची ओळ अशी होती: 'यापुढे दर तिमाहीस आपले नावे शंभर रुपये पाठवीत जाईन, ते आपण कृपा करून'. मग भोक. आणि भोकाच्या खाली: 'आणि ही गोष्ट कोणासही कळू देऊ नये, ही हात जोडून विनंती.'

मी पान उलटलं. पाठीमागं यांनी मोंबासाच्या बंदराचं वर्णन केलेलं. किती बोटी, कुठल्या बाजूला, किती तोफांच्या. नकाशे काढणारा माणूस, मोजून लिहिलं असणार सगळं! सरकारच्या सेन्सॉरनं बोटी कापल्या, आणि त्यांच्याबरोबर पलीकडच्या बाजूचं आमचं गहाणखत, सुभेदार आणि आष्टे, सगळं कापलं गेलं.

"मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"कसं विचारणार? सरकार पत्रं फोडून वाचतंय. त्यात हा म्हणतो, कोणाला कळू देऊ नका. मी उघड उघड भोकाबद्दल लिहिणार कसा? म्हणून मी प्रत्येक पत्रात लिहीत गेलो, 'आपल्या इच्छेप्रमाणे व्यवस्था चालू आहे.'"

ते वाक्य मला माहीत होतं. मामांचं पत्र आलं की हे ते मोठ्यानं वाचायचे आणि खूश व्हायचे.

"आणि इच्छा काय हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"गुप्त ठेवायचं म्हणजे साठवायचंच असणार," मामा म्हणाले आणि पोस्टाचं पासबुक उघडून माझ्यापुढं ठेवलं. सोळा तिमाह्या, सोळा शंभर, एकाखाली एक.

मला हसू आलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलगी घाबरली, मामा पाणी घेऊन आले. मग मी त्यांना भोकात काय होतं ते सांगितलं. मामा खुर्चीवर बसले आणि हातातला पाण्याचा पेला स्वतःच पिऊन टाकला.

"मला आधी विचारलं असतं तर गहाण टाकायची वेळ आणली नसती मी," ते म्हणाले. जरा वेळानं प्रामाणिकपणे पुढं म्हणाले, "अर्थात, माझ्याकडेही नव्हतेच म्हणा."

मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून दोन हजारांच्या वर जात होतं. पासबुकात सोळाशे. पण मामांवरचा संशय गेला यातच मला घर निम्मं सुटल्यासारखं वाटलं. पैसे काढून झाल्यावर दोन दिवसांनी आम्ही तिघं सुभेदारांना भेटायला निघालो. मामा म्हणाले, "चूक माझ्या हातून घडली आहे. मी येणार."

बस कोळशावर चालणारी होती. मागं भट्टी, दर काही मैलांनी क्लीनर उतरून ती ढवळायचा आणि गाडीत धूर भरायचा. कऱ्हाड, इस्लामपूर करत आष्ट्याला पोचेपर्यंत मामांचं पांढरं उपरणं करडं झालं होतं. स्टँडवर चहाच्या टपरीत एक पागोटेवाला बसला होता. त्याला मामांनी सुभेदारांचं घर विचारलं.

"सुबेदार व्हय? त्ये हितं न्हाईत आता. सांगलीला ऱ्हात्यात, आफ्रिकावाल्याच्या घरात."

"कोण आफ्रिकावाला?" मामांनी विचारलं.

"हाय कोन की एक. नकाशं काढतो म्हनं. घर टाकून पळाला बगा परदेशात."

मामा ताठ उभे राहिले. "ही त्याची बायको."

पागोटेवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं, आणि जराही न शरमता बाकावर सरकून जागा केली. "मंग बसा की. च्या घ्या."

आम्ही चहा घेतला. पैसे त्यानंच दिले.

पुढच्या बसनं सांगली. नोटिशीत घराचा लिलाव होता, घरात सुभेदार राहतायत हे नव्हतं. आम्ही गेल्यावर घरात एक मास्तर भाड्यानं ठेवले होते. ते बदली होऊन गेले, किल्ली शेजारी ठेवली, एवढंच पुढं कधीतरी कळलं होतं. बसमध्ये मी एकच वाक्य पुन्हापुन्हा घोळवत होते. फाटकाशी पोचले आणि ते वाक्य विसरायला झालं, कारण घर मी सोडलं होतं त्यापेक्षा चांगलं दिसत होतं. भिंतींना नवा चुना. मोडकं कुंपण नीट बांधलेलं. मी जिथं तुळस लावून गेले होते तिथं तुळस होतीच, शिवाय वांगी, मिरच्या, घेवड्याचा मांडव. आणि यांनी मोठ्या हौसेनं शहाबादी फरशी घातलेल्या पुढच्या व्हरांड्यात एक काळीभोर म्हैस बांधलेली. पांढऱ्या झुबकेदार मिशांचे एक उंच गृहस्थ तिच्यापुढं आंबोणाची बादली धरून उभे होते.

"कोन पायजे?"

"हे घर माझं आहे," मी म्हटलं. आवाज जरा चढाच लागला.

त्यांनी बादली खाली ठेवली, माझ्याकडं नीट पाहिलं, आणि एकदम आत तोंड करून ओरडले, "आगं ए, भाईर ये लवकर! नोटीस पोचली!"

आतून सुभेदारीणबाई आल्या. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात पिठानं भरलेली काठवट तशीच. "आवं, मंग दारात का हुबं केलंय त्यास्नी? या बाई, आत या. केवढी गोड पोर. पान्यातनं आलीस व्हय गं?"

असं मी माझ्या घरात पाहुणी म्हणून शिरले.

चटई टाकली, गूळपाणी दिलं. भाकरी थापता थापता सुभेदारीणबाईंनी मध्येच हात थांबवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "आमच्या हातचं चालंल नव्हं तुमास्नी?"

"अकरा दिवस बोटीवर कुणाकुणाच्या हातचं खाल्लंय, नावं माहीत नाहीत," मी म्हटलं. "आणि वास फार छान येतोय."

मामांकडं मी बघितलं नाही. ते सोवळंओवळं पाळणारे. पण मामांनी हातपाय धुतले, पानावर बसले, आणि वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर सुभेदारीणबाईंनी कनवटीची किल्ली काढली आणि मधल्या खोलीचं कुलूप उघडलं. आत माझं सगळं सामान होतं. ट्रंक, तांब्याचा बंब, देव्हारा, लग्नात मिळालेली जोडपाटांची चवड. सगळ्यावर जुनं धोतर अंथरलेलं. "मास्तर ग्येल्यावर किल्ली शेजारनं घ्यायला लागली. पन म्या ह्ये उघडून बगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "बाईमानसाचं सामान हाय, तिचं तिनंच बगाय पायजे. निस्ती वरची धूळ तेवढी झाडत हुते."

बोटीवर मी भांडण्याची जी काही तयारी केली होती, ती त्या धोतराकडं बघता बघता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात बैठक बसली. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला सुभेदार, मध्ये म्हैस. मामांनी भोकाचं पत्र काढून सगळी हकीकत सांगितली. सुभेदारांनी पत्र उजेडात धरलं, भोकातून एक डोळा लावून अंगणाकडं बघितलं आणि मोठ्यानं हसले. "बराबर हाय. पैल्या लढाईत मी बसऱ्याला हुतो, तवा माझ्याबी पत्रास्नी अशीच भोकं पडायची. घरात वाचताना नुसतं 'खुशाल हाय' एवडंच उरायचं."

"मग आमच्यावर नोटीस का काढलीत?" मी विचारलं.

"आवं बाई, मी फौजेतनं परत आलो तर पैसं न्हाईत, पत्र न्हाई, मास्तर घर सोडून ग्येल्यालं. तीन पत्रं घातली आफ्रिकंला, एकाचं उत्तर न्हाई. मानूस जित्ता हाय का न्हाई कळंना. वकील म्हनला, नोटीस काडा, सरकारी शिक्क्याचं पाकीट पोचतंच. म्हनून काडली. ती नोटीस न्हवती, मी हाक मारली तुमास्नी."

गहाणखतात कलम होतं, दोन वर्षं व्याज थकलं तर घराचा ताबा घ्यावा. त्याप्रमाणे ते दीड वर्षापूर्वी इथं राहायला आले होते. मामांनी कागद पेन्सिल घेतली. ताब्यात घर आल्यापासून व्याज धरता येणार नाही, असं ते म्हणाले. सुभेदार लगेच म्हणाले, "ऱ्हायलो मी, मंग याज कसलं?" तेवढ्यात आतून आवाज आला, "आन मागच्या पावसाळ्यात किष्णेचं पानी जोत्याला लागलं, भिताड पडलं, त्ये कुनी बांदलं?" सुभेदार खाली बघायला लागले. मामांनी भिंतीचा खर्च हिशेबात मांडला. सुभेदारांनी चुन्याचे पैसे नको म्हटलं, मामांनी ते जबरदस्तीनं मांडले. दोघंही दुसऱ्याच्या बाजूनं इतके ओढत होते की हिशेब संपायला दुपार झाली. शेवटी सोळाशे देऊनही साडेतीनशे कमी पडत होते.

"ते सावकाश द्या," सुभेदार म्हणाले. "आमी जातो आष्ट्याला. घर तुमचं तुमी घ्या."

आत भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. सुभेदारीणबाई दारात आल्या. "जातो म्हंजे? म्हस व्यायची हाय म्हैन्याभरात. तिला काय बसमदी घालून नेनार?"

म्हशीनं मान हलवली. पहिल्या लढाईतल्या सुभेदारांनी बादली उचलली आणि तिला पाणी दाखवलं. म्हैस व्यायपर्यंत सगळ्यांनी इथंच राहायचं ठरलं. मामा साताऱ्याला गेले. मी आणि मुलगी मधल्या खोलीत राहिलो.

ते पाच आठवडे माझ्या आयुष्यातले फार मजेचे दिवस. सकाळी सुभेदार मुलीला घेऊन हळदीच्या बाजारात जायचे, परत येईपर्यंत ती कानापर्यंत पिवळी. मी घेवडा तोडायची, सुभेदारीणबाई चुलीपुढं बसून मला मोंबासाबद्दल विचारायच्या. तिथं नारळ असतात का, तिथल्या बायका पाणी कशात भरतात. पण त्यांचा खरा प्रश्न एकच असायचा, आणि तो त्या रोज वेगळ्या तऱ्हेनं विचारायच्या.

"पान्यावर झोप लागती का गं?"

"लागते की. पाळण्यासारखी हलते बोट."

"खायला मिळतं का पोटभर?"

"मिळतं."

"आन बोट मोठी असती नव्हं? लय मोठी?"

हळूहळू समजलं. त्यांचा एकुलता मुलगा फौजेत होता, इटलीत. लढाई संपली, पत्र आलं की बोट मिळाली की येतो, पण फौजेची माणसं हजारो आणि बोटी थोड्या. आष्ट्याला टपाल उशिरा यायचं. इथं सांगलीत रोज दोनदा टपाल, तार ऑफिस हाकेच्या अंतरावर. घर सोडायला त्या तयार नव्हत्या, त्याचं कारण म्हशीपेक्षा हे होतं. सुभेदारांना ते ठाऊक होतं, पण कर्जदाराच्या बायकोसमोर ते कसं बोलायचं म्हणून त्यांनी म्हशीचंच निमित्त चालू दिलं होतं.

मी मुलाला त्यांच्या वतीनं पत्र लिहून दिलं. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. अर्धं पत्र म्हशीबद्दल होतं. शेवटी म्हणाल्या, "लिही, आय खुशाल हाय आन वाट बगती." मग म्हणाल्या, "न्हाई, वाट बगती लिहू नगं, घाई करंल. लिही, सावकाश ये."

त्या दिवशी दुपारी मला एक गोष्ट सुचली. इतकी साधी की आपल्याला आधी का सुचली नाही याचीच लाज वाटली. संध्याकाळी सुभेदार अंगणात पाणी मारत होते, तिथं जाऊन मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नका. गहाण सोडा आणि भाडेकरू म्हणून राहा. महिना बारा रुपये भाडं धरू, आणि ते उरलेल्या साडेतीनशेत वळतं करायचं. अडीच वर्षांत फिटेल. आम्हाला काही पाठवायला नको, तुम्हाला काही द्यायला नको."

सुभेदार पाणी मारायचे थांबले. "तुमच्या मालकास्नी इचाराय नगं?"

"माझ्याकडं मुखत्यारपत्र आहे," मी म्हटलं. हे वाक्य उच्चारायला मिळावं म्हणून इतक्या लांबून आल्यासारखं वाटलं मला.

"आन त्यांनी नंतर नगं म्हटलं तर?"

"त्यांनी मला विचारून गहाण टाकलं होतं का?"

ते हसले आणि आत सांगायला गेले. सुभेदारीणबाईंनी हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली. त्या रात्रीच्या जेवणात पुरणपोळी होती, आणि सणवार काहीच नव्हता.

मामांना बोलावून घेतलं. त्यांनी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात दोन कागद केले, एक गहाण फिटल्याचा, एक भाड्याचा, आणि प्रत्येक वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. "यात भोक पडलं तरी अर्थ कळला पाहिजे," म्हणाले.

नोंदणी कचेरीत मात्र घोडं अडलं. तिथल्या कारकुनानं माझं मुखत्यारपत्र उलटसुलट करून बघितलं. मोंबासाचा शिक्का त्यानं आयुष्यात पाहिलेला नव्हता. "हे आमच्याकडं चालत नाही. आणि मालक कुठायत?"

"आफ्रिकेत. तेच तर लिहिलंय त्यात."

"बाईमाणसाच्या सहीवर गहाण कसं सोडणार?"

त्यावर सुभेदार पुढं झाले. त्यांनी त्या दिवशी खाकी कोट घातला होता, छातीवर सगळी पदकं. "रावसाहेब, पैसं कुनाचं येनं हुतं?"

"तुमचं."

"मला मिळालं. मी म्हनतो मिळालं. घर ज्येचं हाय त्येची बायकू समोर उभी हाय, पान्यातनं अकरा दिस येऊन. आता तुमी नगं म्हनता, तर मी काय पैसं परत देऊ तिला?"

कारकून आत साहेबांकडं गेला. साहेबांनी चष्मा लावून लाल शिक्का बघितला, मला दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाले की शिक्का खरा आहे, त्यांचा भाऊ तिकडंच दारेसलामला असतो, त्याच्या कागदांवर असाच शिक्का येतो. पाऊण तासात काम झालं. सुभेदारांनी मूळ गहाणखत माझ्या हातात दिलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि ते पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. यांची सही वेडीवाकडी होती. इतके सुबक नकाशे काढणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःचं नाव सरळ लिहिता आलं नव्हतं. माझा उरलासुरला राग तिथं, त्या पायरीवर गेला.

म्हैस चार दिवसांनी व्याली. पारडी झाली. खरवसाचे तुकडे गल्लीभर वाटले गेले, गुळाच्या व्यापाऱ्याच्या आवारातसुद्धा. आणि मी निघायच्या आदल्या दिवशी दुपारच्या टपालात इटलीचं पत्र आलं. बोटीचा नंबर लागला होता. सुभेदारीणबाईंनी ते पत्र माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. मग पदरानं डोळे पुसत मला रागावल्या, "एवडंच लिव्हलंय व्हय त्यानं? नीट बग की, पाठीमागं काय असंल."

तो पोरगा घरी आला तेव्हा मी मोंबासात होते. ते कुटुंब आमच्या घरात अडीच नव्हे, नऊ वर्षं राहिलं. सुनेची बाळंतपणंही तिथंच झाली. पुढं आम्ही कायमचे परत आलो तेव्हा सुभेदार आष्ट्याला गेले. पण दर पावसाळ्याआधी येऊन आमची कौलं स्वतः तपासून जायचे. यांच्या हातचं काम त्यांना कधीच पसंत पडलं नाही.

पण हे सगळं पुढचं; त्या वेळी मोंबासाला मी बोटीवरून उतरले तेव्हा हे धक्क्यावर उभे होते. तीन महिन्यांत बरेच खंगले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी मुलीला उचलून घेतलं. तिनं त्यांच्या गालांवर दोन्ही हात ठेवले, डोकं मागं घेऊन त्यांना नीट न्याहाळलं आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं बाबा, तुमी लय वाळलायसा की! जेवत न्हाई व्हय?"

हे माझ्याकडं बघतच राहिले. कुलीनं ट्रंक उचलली, आणि आम्ही चालू लागलो.